आबांची चक्री

जेवताना स्वतःचंच कौतुक करायची लेकाची खोड तानूबाईला खपत नसे. आज तर गोव्याच्या कॅसिनोतली जुगाराची कलती चाकं हेरून, त्यांवर पैसे लावून कमावलेल्या गाडीचं पुराण चाललं होतं.

"हे शिकलास कुठं रे?" आत्यानं विचारलं.

"आबांच्या जत्रेतल्या चक्रीवर. दांडा वाकला होता, सारखी हत्तीच्या चित्रावर थांबायची. मी दोस्तांकरवी पैसे लावायचो. आबांना शेवटपर्यंत कळलं नाही!" तो हसला.

त्यातच तानूबाईच्या नवऱ्याचा, आबांचा धंदा बुडाला आणि ते मरेपर्यंत हमाली करत राहिले. कधीतरी पोरगं स्वतःहून कबूल करून रडेल, म्हणून तानूबाई आजवर गप्प होती. तिनं वरणाची वाटी खाली ठेवली.

"कळलं होतं. हातोडीच्या एका ठोक्यानं दांडा सरळ झाला असता. पोरगं हिरमुसेल म्हणाले, नि तसाच ठेवला. चोर आहेस तू, माझ्या पोटचा असलास तरी."