दोनदा टिंग

किटलीचं बटण टक् करून वर उडालं. टेबलाशी ग्लेन फोनवर अंगठा फिरवत होता. मारिसा टोस्टला लोणी लावत होती. टोस्टचा भुगा होत चालला होता.

"काल दोन दहाला पेनरिथला उतरलीस," तो म्हणाला. "दातांचा डॉक्टर तर ब्लॅकटाउनला. की दात पळत पळत तिकडे गेला, बाईसाहेब?"

"चुकीच्या गाडीत बसले."

"आणि परतीला तीन वीस. सत्तर मिनिटं चुकलीस?"

तो हसला. मागच्या वेळी असाच हसला होता, त्यानंतर तिचं मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं.

घरातली रेल्वे-बसची तिन्ही कार्डं त्याच्या खात्यावर. कार्डात पैसे किती उरले, एवढंच दिसलं असतं तर बरं होतं. पण तिथे सगळं दिसायचं. कुठे चढली, कुठे उतरली, किती वाजता. टिली शाळेच्या बसने जायला लागली, तेव्हा हे खातं मारिसानंच मागे लागून उघडायला लावलं होतं. पोर पोचली की कळतं, म्हणून.

टिली दप्तर घेऊन आली. ग्लेननं तिची वेणी ओढली.

"हिच्याकडून शीक जरा. चढताना, उतरताना, न चुकता कार्ड टेकवते. छोट्यांचं कार्ड दोनदा टिंग वाजतं आणि बाबांना कळतं, आपली चिमणी कुठे आहे. हो ना गं?"

टिलीनं मान डोलावली. आठ वर्षांची होती, शाबासकीची भुकेली.

त्याची गाडी कोपऱ्यावर वळली तशी मारिसानं पलंगाखालच्या पिशव्या ओढल्या. काल पेनरिथला, छळ सोसणाऱ्या बायकांना मदत करणाऱ्या कचेरीतल्या बाईंनी दोनदा बजावलं होतं, "कार्ड घरी, फोन घरी. तिकीट रोख काढा. कुठे चाललात ते लेकीलासुद्धा सांगू नका." तिनं आपलं कार्ड फळांच्या टोपलीत टाकलं, फोन उशीखाली. मोज्यात साठवलेल्या नाण्यांतून स्टेशनवर दोन तिकिटं काढली.

गाडी डोंगर चढू लागली. प्रत्येक स्टेशनावर कुणीतरी नारिंगी जाकिटातला कामगार दिसे आणि ती टिलीला खिडकीपासून आत ओढून घेई. ग्लेनही तसलंच जाकीट घालायचा. "आपण सहलीला चाललोय का?" टिली विचारत राहिली. "हो. गंमत आहे," ती म्हणत राहिली.

उतरायचं स्टेशन अगदी लहान होतं. फाटक नाही, शिपाई नाही. फलाटाच्या टोकाला कार्ड टेकवायचा एक खांब, त्याच्या पलीकडे रस्त्यावर निळी मोटार, आणि हात हलवणारी एक बाई. सांगितलं होतं तस्संच. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मारिसा त्या खांबावरून पुढे गेली. सकाळपासून पहिल्यांदाच तिनं छातीभरून श्वास घेतला.

मागे वाजलं. टिंग टिंग.

ती वळली. टिली रेनकोटाच्या खिशात कार्ड परत ठेवत होती. चेहरा नुसता फुलला होता.

"तू विसरलीस ना आई? चढताना तुझ्या घाईत राहिलं, पण आत्ता मी नाही विसरले. आता बाबांच्या फोनवर या स्टेशनचं नाव आलं असेल. ते कधी पोचतील गं?"