उजाड बगिच्याची राखण

जेसीबीनं संत्र्याचं शेवटचं झाड उपटलं त्याला आठवडा झाला, तरी हिरामण मचाणावर बसून वांदरं हाकलतच होता.

रामाकोना गावच्या त्या शेतात आता नुसती उलटीपालटी माती. मधोमध चार बल्ल्यांवर मचाण, मचाणावर हिरामण आणि हिरामणच्या हातात गोफण. गोफणीचे गोटे तो दर पोळ्यानंतर पांढुर्ण्याला जाऊन जाम नदीतून वेचून आणायचा, नदीच्या दोन काठांवरच्या गावांची गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, आटोपली की. ज्या गोट्यानं पलीकडच्या सावरगावचा पहेलवान आडवा झाला, त्याला वांदराचं काय भारी, असा त्याचा हिशेब. त्यातल्याच एका गोट्यानं कळपातला म्होरक्या हुप्प्या कायमचा लंगडा झाला होता. तो गोटा पुढं सौंसरच्या बसस्टँडवर चहाच्या उकळत्या गंजात जाऊन पडला म्हणतात. मधी वांदराचा पाय आला नसता तर छिंदवाडा काही दूर नव्हता.

सकाळीच मालक भूपेंद्र कोयता घेऊन सौंसरहून आला. सोबत त्याची मुलगी प्रणाली, नागपूरच्या नोकरीतून सुट्टीवर आलेली.

"हिरामण, उतर आता. मचाण काढतो. सागवान लावून राहिलो इथं. त्याले वांदर तोंड नाही लावत."

"तुमचं चालू द्या ना भाऊ. मी वर बसतो."

"कायची राखण करून राहिला बे? माती नेते का कोणी?"

"वांदरं येतात."

"कायले येतात? चाटाले?"

हिरामणनं तिसरीकडंच पाहिलं. भूपेंद्रनं कपाळाला हात लावला आणि मुलीला म्हणाला, "तूच समजाव बाप्पा. तुह्या आबाजीनं ठेवलेला माणूस आहे, मले तं तो अजून पोरगाच समजते."

प्रणाली शिडी चढून वर गेली. मचाण कुरकुरलं. हिरामणनं सरकून जागा दिली, फडक्यानं पुसूनसुद्धा दिली.

"हिरामणकाका, आमच्या ऑफिसात एक बाई शिकवायला आल्या होत्या. जपानातली गोष्ट आहे. इकिगाई म्हणतात तिले. म्हणजे माणूस सकाळी उठते ते कशासाठी, ते. ज्याले ते सापडलं तो लवकर म्हातारा नाही होत म्हणे."

"मी तं झालो."

"तसं नाही. तुम्ही सांगा ना, सकाळी कशासाठी उठता?"

"वांदरांसाठी."

ती हसली. तो हसला नाही.

"जपानात वांदरं आहेत का?" त्यानं विचारलं.

"आहेत. बर्फ पडला की गरम पाण्याच्या कुंडात जाऊन बसतात."

"मंग त्यायचं बरं आहे." हिरामण मान हलवत राहिला. "जपानवाल्यायचंही बरं आहे."

"तुमच्यासाठी दुसरं काही पाहू ना काका. नाहीतर घरी आरामात बसा."

"घरी वांदरं नाही येत, बाई."

तेवढ्यात शेताच्या कडेला, धुऱ्यावर हालचाल झाली. काळतोंडी पाच-सहा जणं, पुढं तो लंगडा. हिरामण उभा राहिला. गुडघे वाजले, पण आवाज अजून गावाच्या वेशीपर्यंत जाणारा. "हाऽऽ हुर्रर्र!" गोफण डोक्यावर दोनदा फिरली आणि फट्ट वाजली. कळप उधळला. लंगडा सर्वांच्या मागं, आपल्या बेतानं.

प्रणाली गोफणीकडं पाहत होती. "काका, यात गोटा नव्हता."

"गोटा कायले? एखाद्याले लागून जाईन."

खाली भूपेंद्र धुऱ्यापर्यंत चालत गेला होता. परत आला तेव्हा त्याच्या हातात भाकरीचा तुकडा होता.

"हे कोणं टाकलं?"

वर हिरामण गोफणीची दोरी सारखी करत बसला.

"म्हणजे तूच त्यायले बोलावून राहिला, अन् तूच हाकलून राहिला?"

"बोलावल्याबिगर हाकलू कसा, भाऊ?"

भूपेंद्र तुकडा उलटसुलट करत राहिला. ज्वारीची भाकर, आजचीच. "अन् तू काय खाल्लं?"

"खाईन ना."

प्रणालीनं बाजूचं भाकर बांधून आणायचं फडकं पाहिलं. मघाशी त्यानं तिची जागा पुसली होती ते. त्यात पीठसुद्धा उरलं नव्हतं.

"उतर, हिरामण," भूपेंद्र म्हणाला. या वेळी हळू, आणि 'बे' न लावता.

प्रणालीमागोमाग हिरामण उतरला. भूपेंद्रनं भाकरीचा तुकडा मातीत टाकला आणि मचाणाच्या दोरावर कोयता लावला, तर म्हातारा म्हणाला, "कापू नका. गाठ सुटते." त्यानंच एकेक गाठ सोडली. बांधलीही त्यानंच होती. बल्ल्या एकावर एक रचल्या, दोराची वळकटी करून वर ठेवली. 

गाडीत भूपेंद्रनं त्याला पुढं बसवलं. हिरामणनं गोफण मनगटाला गुंडाळली आणि समोर पाहत बसला. गाडी धुऱ्यावरून वळली तशी प्रणालीनं मागं पाहिलं.

लंगडा परत आला होता. भाकरीचा तुकडा त्यानं उचलला, पण खाल्ला नाही. मान वर करून, जिथं मचाण होतं त्या मोकळ्या जागेकडं पाहत बसला. 

मग त्यानं भाकर होती तिथंच ठेवली आणि कोणी हाकलल्याशिवायच लंगडत निघून गेला.