बारा फुटांना एक फूट

कायद्यापुढे सगळे समान आहेत. कर्जतच्या भोईर वकिलांचं ऑफिस मात्र दुसऱ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. म्हणून गजानं कुबड्या खाली रेलिंगला टेकवल्या आणि रूपेशविरुद्ध दाद मागायला तो रूपेशच्याच पाठीवर बसून निघाला.

"हलका झालायस रं," जिन्याच्या वळणावर रूपेश धापा टाकत म्हणाला.

"एक पाय कमी हाय," गजा म्हणाला.

दहिवलीत दोघांचं वेल्डिंगचं दुकान होतं. दोघांची नावं जोडून ठेवलेलं 'गजरूप फॅब्रिकेशन'. अकरा वर्षं चाललं. शाळा असो, दवाखाना असो, जिथं दिव्यांगांसाठी रॅम्प झाला तिथलं रेलिंग यांचं. प्रत्येक रॅम्पवर पत्र्याची पाटी लागायची: 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ अन्वये'. अक्षरं गजा रंगवायचा. आरतीत तो अडखळायचा, या ओळीत कधी नाही.

गेल्या श्रावणात खालापूरच्या एका शाळेत पाइप उतरवताना अख्खी मोळी टेंपोवरून त्याच्या पायावर आली. पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. तीन महिन्यांनी तो कुबड्या घेऊन दुकानात गेला, तर त्याच्या स्टुलावर रूपेशचा मेहुणा बसलेला.

"करारातच हाय, गजा," रूपेश खाली बघत म्हणाला होता.

होतंच. कलम चौदा: भागीदार अपंग झाल्यास त्या दिवसापासून निवृत्त समजावा. भोईर वकिलांनी हा करार एका दगडखाणीच्या करारावरून जसाच्या तसा उतरवला होता. खाणीत सुरुंगानं हात जायचे, म्हणून तिथं ते कलम. सहीच्या दिवशी रूपेश कागद वाचायला बसला होता. "छापील कागदात काय वाचायचं?" गजाच म्हणाला होता. "सही कर, मुहूर्त टळतोय."

वर पोचल्यावर रूपेशनं त्याला वकिलांसमोरच्या खुर्चीत ठेवलं, उशी नीट केली आणि घाम पुसत शेजारी बसला.

"साहेब, वेल्डिंग बसून करतात," गजा म्हणाला. "मला बसता येतं. आणि दोन हजार सोळाचा कायदा हाय."

"कायदा उत्तमच आहे," वकील म्हणाले. "तुम्ही यांच्याकडे नोकर असता, तर काहीतरी भांडता आलं असतं. पण तुम्ही मालक. मालकाला कोण काढणार?"

"यानं काढला ना."

"यांनी नाही. करार बघा. पाइप पडले त्या क्षणी तुम्ही आपोआप निवृत्त झालात."

"मग दवाखान्यात नेला तो मी कोण?"

"निवृत्त भागीदार."

रूपेशचे डोळे भरून आले. त्या दिवशी मांडीवर घेऊन नेणारा तोच होता. "चल," तो म्हणाला, "खाली नेतो."

"तू नको. मी हितंच बसतो."

वकिलांनी हरकत घेतली नाही. रूपेशही बसून राहिला. तो गेला असता तर गजाला खाली कोण नेणार? दोन अशिलं येऊन गेली. चहा आला, तो तिघांनी घेतला. गजा हलला नाही. सहा वाजता वकिलांनी खणातून कुलूप काढून टेबलावर ठेवलं. गजानं कुलपाकडे बघितलं. मग त्यानं रूपेशच्या गळ्यात हात टाकले.

जिन्याच्या पहिल्या पायरीपासून फाटकापर्यंत रॅम्प होता. रेलिंग गजाचं, पाटीवरची अक्षरं गजाची. तिथं रूपेशनं त्याला उतरवलं आणि कुबड्या हातात दिल्या. तेवढा रॅम्प गजा एकटा उतरला.

उतार नियमाप्रमाणे बरोबर होता, बारा फुटांना एक फूट.