सकाळी आधी काय उघडता?

रमजान लागल्यापासून ट्युनिशियातल्या सफाक्स बंदराच्या गोदी कार्यालयातला प्रोग्रॅम रोज सकाळी बिलांच्या खिडकीवरच आडवा पडायचा. "क्लास सापडत नाही," म्हणजे कोडचा एक लागणारा भाग मिळत नाही, एवढंच म्हणायचा. प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या वजदीने त्याचा एकेक भाग सोडवून पाहिला. हवी ती फाईल जागच्या जागी होती आणि कोडला कुणी हातही लावला नव्हता. उपासाने डोकं ठणकत होतं. शेवटी तो बिलं करणाऱ्या नजीहामावशींच्या शेजारी खुर्ची ओढून बसला.

"मावशी, सकाळी आल्यावर आधी काय उघडता?"

"बिलं. आता दुसरं काय उघडणार? एरवी आधी ह्यातच कँटीनची खिडकी उघडतो, कॉफी मागवतो, मग कामाला लागतो."

वजदीने कपाळावर हात मारला. बिलांना लागणारा भाग बिलांनी स्वतः कधी मागितलाच नव्हता. कँटीन उघडलं की तो आपसूक जागा व्हायचा आणि बिलांचं फुकटात भागायचं. त्याने कँटीन उघडलं, काही न मागवता मिटलं. मग बिल निमूट निघालं.

मावशींनी सुकल्या तोंडाने पडद्यावर टिचकी मारली.

"म्हणजे पोरा, आपल्यापायी ह्यालाही रोजा घडत होता!"