बारशाच्या घुगऱ्या

भिकोबांच्या नातीचं बारसं अमेरिकेत, ओहायोला मुलाच्या घरी झालं, त्याच वर्षी तिथं खून वाढले म्हणून घरोघरी दारावर बंदूक बसली. घरमालकाच्या छातीत धडकी भरली, की ती आपोआप सुटायची.

भिकोबांची बायको सगुणाबाई घुगऱ्यांची वाटी घेऊन शेजारच्या मार्थाकडे निघाल्या.

“आई, आधी फोन करते. इथं न सांगता कुणाच्या दारात जात नाहीत,” सून म्हणाली.

“अगं, घुगऱ्या द्यायला कसला फोन? मी काय दरोडा घालतेय?”

भिकोबा हसले. “जाऊ दे गं. हिला बघून कोण भिणार?”

थोड्याच वेळात बार ऐकू आला. भिकोबा धावले. पायरीवर घुगऱ्या सांडल्या होत्या. आत टीव्हीवर खुनांच्या बातम्या चालूच होत्या. दारात म्हातारी मार्था उभी होती.

“मी काहीच केलं नाही हो. दार वाजलं आणि मी फक्त घाबरले.”

सगुणाबाई बारशाच्याच दिवशी, दिवेलागणीला वारल्या.