चार बोटं कमी

"दादा, त्या बंबाच्या भागाचा शेवट काय होता रे?"

धाकट्यानं विचारलं आणि लेखकाचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. धाकटा अग्निशमन दलात बंबाचा ड्रायव्हर. दुपारच्या पाळीला निघाला होता, तो गणवेशातच वाट वाकडी करून वाहिनीच्या इमारतीत आला होता. भावाच्या कामाच्या जागी तो आजवर कधी फिरकला नव्हता.

"का रे, आज एकदम?"

"काल हजेरीच्या वेळी आम्हाला आदेश वाचून दाखवला. तुझंच वाक्य. जसंच्या तसं."

लेखकाला वाक्य आठवायची गरज पडली नाही. गेल्या महिन्यात सगळं शहर त्यावर पोट धरून हसलं होतं. त्याच्या विनोदी मालिकेच्या त्या भागात अग्निशमन दलाला नवा उंच बंब मिळतो आणि त्याच महिन्यात केंद्राच्या फाटकावर नवी कमान उभी राहते. कमान उंचीला चार बोटं कमी पडते. साहेब लोक बैठकीवर बैठक घेतात आणि शेवटी ठरवतात, की आग लागली की आधी चाकांतली हवा सोडायची, मग गाडी बाहेर काढायची. परत आल्यावर हवा भरायची.

त्याची लिहायची रीत साधी होती. कुठल्याही खात्याचा खुलासा घ्यायचा आणि स्वतःला विचारायचं, 'आमचं चुकलं' एवढं सोडून हा माणूस आता काय काय करेल? येईल ते उत्तर लिहून काढायचं. लोक हसायचे. पुढे ते खरंही व्हायचं. आधी दोनदा झालं होतं, तेव्हा वाहिनीतल्या पोरांनी त्याला ज्योतिषीबुवा म्हणून चिडवलं होतं. त्यालाही गुदगुल्या झाल्या होत्या, खोटं कशाला बोला.

"मग तुमच्याकडची ती नवी कमान पाडत का नाहीत?" त्यानं विचारलं.

"तिचं उद्घाटन व्हायचंय अजून."

"मग गाडी बाहेर रस्त्यावर उभी करा."

"केली होती. वाहतूकवाल्यांनी चाकाला कुलूप ठोकलं."

लेखकाला हसू फुटणारच होतं. धाकट्याचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं.

"पाण्यानं भरलेली गाडी आहे, दादा. मऊ चाकांवर ती माझं ऐकत नाही. काल सराव केला, तर बाजारापाशी नुसत्या झोकांड्या खात होती. आतापर्यंतचं सगळं तू लिहिलंस तसंच झालं. म्हणून म्हटलं, पुढचं विचारून घ्यावं. टीव्हीवर मध्येच जाहिरात लागली आणि संपलंच की."

शेवट लिहिला होता. चित्रितही झाला होता. लोक जेवताना बघतात हो, असं म्हणून निर्मातीनं तो कापला होता.

"शेवट लिहिलाच नव्हता," लेखक म्हणाला.

धाकट्यानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. दादाची थाप त्याला लहानपणापासून ओळखू यायची. लेखकाला मात्र आता बसवेना. दलाच्या प्रमुखांनी त्या भागानंतर स्वतः फोन करून कौतुक केलं होतं. नंबर होता. त्यानं तो लावला आणि धाकट्यालाही ऐकू यावं म्हणून फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला.

"माझं नाव घेऊ नकोस," धाकटा घाईनं कुजबुजला.

"साहेब, तो हवा सोडायचा आदेश मागे घ्या," लेखक म्हणाला. "हात जोडतो. कुणीतरी मरेल."

पलीकडे साहेब खो खो हसले. "काय आवाज काढता हो! एकदम खरा वाटला. थांबा, सगळ्यांना ऐकवतो. अरे इकडे या रे, ते टीव्हीवाले लेखक आहेत!"

"साहेब, मी विनोद करत नाहीये."

हे तर तिकडे फारच आवडलं. खुर्च्या सरकल्याचे, चारपाच जण एकदम हसल्याचे आवाज आले.

"खरं सांगू का," साहेब म्हणाले, "आभार मीच मानायला हवेत. आमचं बैठकीत घोडं अडलं होतं. मला तुमचा भाग आठवला. म्हटलं, अरे, हा तर बिनखर्चाचा उपाय!"

धाकट्याकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही. इतके दिवस त्याला वाटत होतं, की आपल्याला पुढचं दिसतं.

"बरं, शेवट काय हो त्याचा?" साहेबांनी विचारलं. "दाखवलाच नाहीत तुम्ही."

आता तरी यांना कळेल, असं त्याला वाटलं. धाकट्याकडे पाठ करून, टेबलावर वाकून तो म्हणाला, "गाडी वळणावर उलटते, साहेब. ड्रायव्हर जागच्या जागी मरतो. आणि तुम्ही त्या कमानीला त्याचं नाव देता."

पलीकडे हशाचा नुसता स्फोट झाला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. "नाव देता म्हणे! काय डोकं आहे हो तुमचं!" त्या गलक्यातून आणखी कुणीतरी म्हणालं, "नाव द्यायची कल्पना वाईट नाही पण, साहेब."

लेखकानं फोन बंद केला. तो तसाच वाकून उभा राहिला.

मागं खुर्ची सरकली. धाकटा उठला होता. टोपी डोक्यावर दोन्ही हातांनी नीट बसवत होता. तो रागावला नव्हता. पाळीवर जाताना रस्त्याची चौकशी करावी, तशा साध्या आवाजात त्यानं विचारलं,

"वळण कुठलं लिहिलं होतंस, दादा?"