तीस वेळा एकोणीसशे त्र्याण्णव

महांतप्पा पाथरवटाने काळ्या दगडावर शेवटचा तीन कोरायला घेतला, तेवढ्यात गणित शिकवणारी शिवानी शाळेच्या पायऱ्या तरातरा उतरून आली आणि त्याला थांबा म्हणाली.

दगडावर एकच भलीमोठी संख्या होती. भूकंपाचं साल, १९९३, तीस वर्षं झाली म्हणून तीस वेळा, मध्ये जागा न सोडता कोरलेलं. खाली खडूने आखलेली ओळ अजून कोरायची होती : कशानेही भाग न जाणारी संख्या, तसं आमचं गाव. उद्या स्मृतिदिनाला सगळ्यांसमोर या दगडाला हार घालायचा होता.

कल्पना शाळेचे अध्यक्ष वीरभद्र आप्पांची. १९९३ ही मूळ संख्या आहे, एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. ते खरंही होतं. पण बियाणं अस्सल तर पीकही अस्सल, या शेतकरी हिशेबाने तीसदा लिहिलेली संख्याही मूळच, असं ठरवून ते मोकळे झाले होते.

तेही एक वेळ चाललं असतं. पण दहावीतली दीपाली काल त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली की या संख्येला भाग जातो. झालं. आप्पांनी जिल्ह्याच्या गणित मेळाव्यातून तिचं नावच काढून टाकलं. वर्गातली सगळ्यात हुशार पोर, आणि खरं बोलली म्हणून तिने घरी बसायचं. शिवानीच्या अंगाचा तिळपापड झाला होता. असंच असेल तर आपण इथं गणित शिकवायचं तरी कशाला, हे तिला कळेना.

आप्पा लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. शिवानीने सरळ सांगितलं, दीपालीचं बरोबर आहे, या संख्येला १९९३नेच भाग जातो, तिचं नाव परत घाला. आप्पांनी मानसुद्धा वर केली नाही.

"मॅडम, तुमी तवा जन्मल्या बी नव्हत्या," ते म्हणाले. "आमच्या दुःखाला भाग घालता व्हय?"

"दुःखाला नाही, आप्पा. आकड्याला. आणि आकडा कुणाचं वय बघत नाही."

तिने महांतप्पाच्या डब्यातला खडू उचलला आणि दगडापुढच्या शहाबादी फरशीवर उकिडवी बसून भागाकार मांडला. पहिल्या १९९३ला भाग एकदा गेला, तिने एक लिहिला. पुढचा आकडा उतरवला, एक. भाग जाईना, शून्य. एकोणीस, शून्य. एकशे नव्याण्णव, शून्य. चौथा आकडा उतरवला की परत १९९३, परत एक. रागाच्या भरात खडू दोनदा मोडला, तरी ती फरशीच्या टोकापर्यंत लिहीत गेली. एक, शून्य, शून्य, शून्य. एक, शून्य, शून्य, शून्य.

मागे काठी वाजली. आप्पा उठून आले होते. शिवानी वळली. तिला अजून पुष्कळ बोलायचं होतं, पण आप्पा तिच्याकडे बघतच नव्हते. त्यांची काठी फरशीवरच्या पहिल्या एकावर टेकली. मग शून्यावर. मग त्याच्या पुढच्या शून्यावर. तिसऱ्या शून्यावर ती बराच वेळ तशीच राहिली.

शेवटचा तीन कोरू का नको, असं महांतप्पाने विचारलं.

"कोर," आप्पा म्हणाले. "खालची वळ पूस. दीपालीला बलवा, तिथं हे उत्तर तिला लिवू द्या. मेळाव्याला बी तीच जाईल."

काठी काही त्यांनी उचलली नाही.

"त्या राती घरात आमी चौघं व्हतो," ते म्हणाले. "सकाळी मी एकलाच."